करंगळीची कडी

शुभांगीच्या डाव्या हाताची करंगळी अर्ध्या पेराने आखूड आहे, हा शोध तिला बेचाळिसाव्या वर्षी लागला, आणि तो लागायला तिच्या वडिलांना जावं लागलं. त्याआधी या करंगळीविषयी कुणाची तक्रार नव्हती. लाखनीच्या कॉलेजात अठरा वर्षं ग्रंथपाल म्हणून काम करताना तिच्यामुळे एकही पुस्तक खाली पडलं नव्हतं.

पण तिच्या वडिलांचा, मारोतरावांचा फ्रेंच हॉर्न मारोतरावांच्या मापाचा होता, आणि मारोतरावांचा पंजा सुपाएवढा. लष्कराच्या बँडमध्ये वीस वर्षं त्यांनी तो वाजवला आणि निवृत्त होताना तसाच एक जुना विकत घेऊन भंडाऱ्याला आणला. हे वाद्य म्हणजे चार मीटर पितळी नळी, जिलेबीसारखी गुंडाळलेली. डाव्या हाताची तीन बोटं तीन कळांवर, अंगठा चौथ्या कळेवर, आणि करंगळी एका छोट्या कडीत अडकवायची, म्हणजे वाद्य हातात राहतं. उजवा हात मागच्या रुंद तोंडात आत घालून ठेवायचा. दोन्ही हात असे गुंतल्यामुळे वाजवताना समोरच्याच्या थोबाडीत देता येत नाही, ही या वाद्याची एक मोठी उणीव आहे, असं शुभांगीचं त्या वर्षात मत झालं होतं.

समोर बहुतेक वेळा मनिष असे. मनिष तिचा धाकटा भाऊ. त्याने तेराव्यालाच ठरवून टाकलं होतं की हॉर्न शाळेला द्यायचा. पवनी रोडवरच्या एका शाळेत मारोतराव निवृत्तीनंतर मुलांचा बँड बसवायला जात. त्यांच्या स्मरणार्थ हॉर्न ठेवायला तिथल्या मुख्याध्यापकांनी, टेकचंद सरांनी, काचेचं कपाटसुद्धा करून घेतलं होतं. याच शाळेने मारोतराव जिवंत असताना बँडची तासिका काढून गणिताला दिली होती, याची शुभांगीने आठवण करून दिली.

"ते वेगळं," मनिष म्हणाला.

"हॉर्न मी वाजवणार आहे."

"तू? तुले येते?"

"बाबांची वही आहे. त्यावरून शिकतेय."

मनिषने तिच्याकडे, मग हॉर्नकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्टीची तारीख ठरवायची सवय होती. "ठीक आहे ताई. पहिल्या पुण्यतिथीले शाळेत कार्यक्रम ठेवू. बाबाची सांजेची धून तू पुरी वाजवली, तर हॉर्न तुह्याकडे. नाई तर कपाटात. मंजूर?"

शुभांगी मंजूर म्हणाली. रागाच्या भरात माणूस काय काय मंजूर करतो, याचा एक स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा.

धून होती अवघ्या आठ सुरांची. ओठांनी सूर काढणं तिला सहा-सात महिन्यांत जमलं. पण तिसऱ्या सुराला तिसरी कळ दाबावी लागे, आणि अनामिका तिथवर पोचता पोचता करंगळी कडीतून निसटे. निसटली की हॉर्न डावीकडे कलंडे, आणि जो आवाज निघे त्याने शेजारच्या सत्यभामाबाई तांदूळ निवडता निवडता सूप घेऊन कुंपणाशी येत.

"शुभांगी, डाव्या हातानं कायले धरतं वो ते? चांगल्या कामाले डावा हात लावू नाई."

"काकू, ते वाद्यच डाव्या हाताचं आहे."

"मंग उलटं धर."

उलटं धरून पाहिल्याशिवाय काकू जाणार नाहीत, हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे तिने उलटं धरून दाखवलं. काकूंना तेच बरं वाटलं. मग त्यांनी करंगळीला रोज तिळाचं तेल चोळायला सांगितलं. त्यांच्या लेकीची, चंदाची करंगळी तेलाने चांगली वाढली होती. पुरावा म्हणून चंदाने गोंदियाहून व्हिडिओ कॉलवर करंगळी दाखवली. ती करंगळीसारखीच होती. शुभांगी "छान आहे" म्हणाली. वर्षभर ती अशीच वागत आली होती. मारोतराव सुटले, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला तिने बसवून चहा दिला होता.

इंटरनेटवर एका दाढीवाल्या परदेशी गृहस्थाने मात्र बरोबर निदान केलं. कडी पुढे बसली आहे, हात लहान आहे, कडी मागे सरकवून घ्या. जवळच्या हॉर्न-कारागिराकडे दहा मिनिटांचं काम आहे. जवळचा कारागीर नागपूरला निघाला. लग्नसराईच्या बँडची वाद्यं दुरुस्त करणारा तो माणूस फोनवर म्हणाला, पार्सल पाठवा, बघतो.

तेव्हा शुभांगी कॉलेजातून अर्धी रजा काढून हॉर्न घेऊन एका पार्सलवाल्याच्या खिडकीशी उभी राहिली. खिडकीतल्या माणसासमोर संगणक होता, आणि संगणकात वस्तूंची यादी होती: कपडे, कागदपत्रं, औषधं, भांडी, इतर. त्याने पेटी उघडायला लावली, आत पाहिलं आणि भांडी निवडलं.

"ते वाद्य आहे. इतरमध्ये घाला."

"इतरले मॅनेजरची परवानगी लागते मॅडम. मॅनेजर तुमसरले गेले." असं म्हणून त्याने खाली तपशील टाइप केला: पितळी भांडे, जुने, वाकलेले, एक नग.

"वाकलेलं नाही ते. ते तसंच असतं."

"आधी सरळ होतं का?"

"कधीच नव्हतं."

"मंग वाकलेलंच ना."

"वाकवून बनवलेलं आहे."

"मी बी तेच लिवलं." तो सज्जनपणे म्हणाला. "उद्या तुम्ही म्हणान का आम्ही वाकवलं. एक काम करा. एवढं लिहून द्या."

आणि त्याने तिच्याकडून लिहून घ्यायचा मजकूर सांगितला: सदर नग मुळातच वाकडा असून त्याच्या वाकडेपणास कंपनी जबाबदार राहणार नाही. खाली सही, आणि वस्तू वारलेल्या वडिलांची म्हटल्यावर, मयताशी नातं. शुभांगीने पेन घेतलं, कागद घेतला, 'सदर नग' इथपर्यंत लिहिलं. मग तिने पेनाला टोपण लावलं, पेटी बंद केली आणि ती घरी आली. आपल्या वडिलांचा हॉर्न मुळातच वाकडा आहे असं ती लिहून देणार नव्हती. हा हट्ट मूर्खपणाचा होता हे तिला बसस्टँडच्या चौकातच कळलं, पण परत जाणं त्याहून मूर्खपणाचं दिसलं असतं. कार्यक्रमाला बारा दिवस उरले होते.

"भंडाऱ्यात राहून पितळेच्या कामाले कोणी नागपूरले जाते का?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "यादोरावकडे जा. माह्या लग्नातला पाण्याचा गुंड त्याच्याच बापानं ठोकला. अजून गळत नाई."

वर्षभरात काकूंच्या तोंडून निघालेला हा पहिला उपयोगी शब्द असल्यामुळे शुभांगीला त्याचाही राग आला. पण ती गेली.

यादोराव सत्तरीचे. भांडी ठोकणाऱ्यांची गल्ली आता अर्धीअधिक स्टीलच्या डब्यांनी भरली होती. त्यांचं दुकान तेवढं तसंच होतं. त्यांनी हॉर्न मांडीवर घेतला, अंगठा नळीवरून टोकापर्यंत फिरवला.

"एवढी नळी वळवली अन् एक सुरकुती नाई. कोणं केलं जी हे?"

पहिल्यांदाच कुणी त्याला भांडं म्हटलं नव्हतं. शुभांगीने मन लावून सगळं समजावलं. यादोरावांनी हाताचं माप घ्यायला घरातून भिजवलेली कणीक मागवली. तिने ती मुठीत धरली, बोटांचे ठसे उमटले, माप सुरेख आलं. दुसऱ्या दिवशी कळलं की त्या कणकेच्या त्याच दुपारी पोळ्या झाल्या. यादोरावांच्या पत्नीला, कुंताबाईंना, कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या मते विचारण्यासारखंही त्यात काही नव्हतं. मग माप मातीवर घेतलं.

"फक्त कडी सरकवायची," शुभांगी म्हणाली. "बाकी कशाला हात लावायचा नाही."

"शब्द हाय माहा."

तिसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा हॉर्न पोत्यावर ठेवलेला होता. म्हणजे पोत्यावर एक रुंद तोंड होतं, एक मोठं वेटोळं होतं, दोन लहान वेटोळी होती, कळांचा सांगाडा होता आणि करंगळीची कडी एका वाटीत होती. रुंद तोंडाची आतली बाजू चांदीसारखी लखलखत होती. दुकानात नवसागराचा वास भरला होता.

शुभांगी उभीच राहिली.

"यादोरावजी, मी काय सांगितलं होतं?"

"कडी."

"आणि?"

"बाकीच्याले हात लावू नका."

"मग?"

"हात नाई लावला जी. कल्हई केली."

झालं होतं ते असं. या दुकानातून ज्या पितळी वस्तूच्या आत हात जाणार ती वस्तू कल्हईवाचून कधी बाहेर गेली नव्हती. यादोरावांचं म्हणणं, तुम्हीच म्हणाल्या, उजवा हात आत घालावा लागते. बाईमाणसाचा हात, घामानं हिरवा पडन, वास धरन. कल्हईला भांडं तापवावं लागतं. नळ्या एकमेकींना डाखाने जोडलेल्या असतात आणि डाख आचेने सुटतो, हे जगात यादोरावांना जितकं माहीत असेल तितकं कुणाला नसेल. म्हणून त्यांनी मागे ओलं फडकं बांधलं होतं. फडकं वाळलं.

"कल्हई मात्र अशी बसली जी, का तीस वर्ष पाहाले नको."

शुभांगी ओरडली नाही. ओरडणं तिला येत नव्हतं. ग्रंथालयात त्याचा सराव होत नाही. तिने एकेक वाक्य जागच्या जागी ठेवत बोलायला सुरुवात केली, कपाटात कार्डं लावावीत तसं. शब्द देणारी माणसं. न विचारता केलेलं भलं. मग त्याच कपाटात तिळाचं तेल आलं, वाकलेला नग आला, शाळेचं काचेचं कपाट आलं, बाबांच्या खाटेशी उभं राहून मोबाइल पाहणारा डॉक्टर आला, तेराव्याला जेवून हात पुसता पुसता मारोतराव सुटले म्हणणारे सगळे आले, आपल्या नावागावांसह. यादोराव यातल्या कुणालाही ओळखत नव्हते. तरी त्यांनी मांडीवर हात ठेवून सगळं ऐकलं. समोरच्या स्टीलवाल्याने गिऱ्हाईक थांबवून ऐकलं. शेवटी शेवटी त्यात यादोरावांचा वाटा फार थोडा राहिला होता.

"झालं?" त्यांनी हळू विचारलं.

"नाही," ती म्हणाली. पण तिला पुढचं काही आठवेना.

"बसा जी. चुकी माहीच हाय. दोन दिवसांत जोडून देतो. पण आधी हे पाहा." त्यांनी कडी जिथून निघाली होती तो नळीचा तुकडा उचलून उजेडात धरला. "कडी याच्या आधी सरकली हाय. हा एक डाग. इथं मागे, कळांच्या जवळ, हा दुसरा. कोणं तरी जवळ आणली होती, मंग काढून पुन्हा लांब बसवली. अन् हा डाख आपल्या गल्लीतला हाय. नागपूरचा नाई, मिलिटरीचा नाई."

"इतकी जवळ कशाला आणली?"

"लहान हातासाठी."

शुभांगीने तो डाग पाहिला. काळपट, नखाएवढा. आणि तिला ती संध्याकाळ आठवली, जिच्यावर तीस वर्षं धूळ बसू दिली होती. ती बारा वर्षांची होती. बाबा बाहेरून आले, हॉर्न तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, आता पुरेल बघ तुझं बोट. ती पुस्तक वाचत होती. तिने ते न मिटताच सांगितलं की मैत्रिणी हसतात, आणि तिला असलं काही शिकायचं नाही. बाबा बरं म्हणाले. एवढंच. ते कुठून आले होते, बोट पुरेल म्हणजे काय, हे तिने तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही.

"हात ठेवा," यादोराव म्हणाले. तिने तुकडा हातात धरून बोटं ठेवली. त्यांनी करंगळीखाली खूण केली आणि डागापासूनचं अंतर डोळ्यांनी मोजलं. "एक तांदूळ पुढं. एवढाच वाढला जी तुमचा हात."

यादोरावांवर काढायचा राग अजून बराच शिल्लक होता, पण तो काढायला आता तोंड राहिलं नाही. ही फार अडचणीची अवस्था असते. पुढचे दोन दिवस ती रजा टाकून त्या दुकानात पोत्यावर बसली आणि यादोराव डाख देत असताना एकेक नळी धरून राहिली. कुंताबाई दर तासाला येऊन, ही बाई रोज कायले येऊन राहिली, असं यादोरावांना विचारून जात. फडकी ओली ठेवण्याचं काम शुभांगीने स्वतःकडे घेतलं होतं.

पुण्यतिथीच्या दिवशी शाळेत मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर मारोतरावांचा फोटो होता आणि शेजारी, इंटरनेटवरून काढलेला, एक ट्रम्पेट. "वाद्यच आहे ना मॅडम," टेकचंद सर म्हणाले. स्टेजच्या बाजूला काचेचं कपाट उघडं ठेवून त्यात लाल कापड अंथरलं होतं. शुभांगीला पहिल्या रांगेत बसवलं. हॉर्न तिने मांडीवर घेतला. तो मधल्या टेबलावर ठेवण्याविषयी तिला तीनदा सांगण्यात आलं आणि तिने तीनदा नाही म्हटलं.

प्रमुख पाहुणे पन्नास मिनिटं बोलले. शिस्त, शेती, मोबाइलचे दुष्परिणाम आणि त्यांचा स्वतःचा जीवनप्रवास. मारोतरावांचं नाव दोनदा आलं, एकदा माधवराव म्हणून. पण या पन्नास मिनिटांत शुभांगीच्या एक गोष्ट लक्षात आली. डावा हात हॉर्नवर होता, करंगळी कडीत होती, आणि कुठेही काही दुखत नव्हतं. जगातल्या कुठल्याही कारखान्यात याहून कठीण चाचणी होत नसेल.

मग पूजन आलं. हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. तिला काही कळायच्या आत हॉर्न तिच्या मांडीवरून टेबलावर गेला, तोंड वर करून उभा राहिला, आणि पाहुण्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, अक्षता टाकल्या. मागोमाग शिक्षकवृंदाने रांगेने तेच केलं. उद्घोषकाने, आता ताई आपल्या वडिलांची धून सादर करतील, असं म्हटलं तेव्हा शुभांगी उठली, कळांत अडकलेला हाराचा दोरा दातांनी तोडला आणि उजवा हात हॉर्नच्या तोंडात घातला. आत तीन झेंडू होते, मूठभर तांदूळ होते आणि एक पेढा. चारशे मुलांसमोर तिने ते एकेक करून बाहेर काढलं आणि टेबलावर मांडलं. मुलं हसली. पेढा काढला तेव्हा टाळ्या पडल्या. शुभांगीने कल्हई केलेल्या त्या गुळगुळीत तोंडातून हात फिरवून शेवटचा तांदूळ काढला. तिचे कान तापले होते. तिने करंगळी कडीत घातली आणि फुंकलं.

पहिला सूर बरा आला. दुसरा आला. तिसरा फाटला, असा फाटला की मागच्या रांगेतली मुलं पुन्हा हसली. हॉर्न कलंडला नाही, करंगळी निसटली नाही. ती थांबली नाही. चौथा, पाचवा, आठवा. धून पुरी झाली.

आणि मनिष उभा होता. तो पाहुण्यांच्या शेजारी खुर्चीत बसलेला होता. आता तो उभा होता, आणि एक पाय चपलेतून बाहेर काढलेला होता. लहानपणी ही धून गच्चीवरून आली की खेळ टाकून घरी यायचं, चपला दाराबाहेर काढायच्या, पाय धुवायचे, आणि आठवा सूर संपायच्या आत दिवा लागलेल्या खोलीत असायचं, असा मारोतरावांचा नियम होता. मनिषने पायाकडे पाहिलं आणि चप्पल पुन्हा घातली.

"आता मनिषभाऊ हे वाद्य शाळेस सुपूर्द करतील," टेकचंद सरांनी माइकवर सांगितलं. धुनेचं काहीही होवो, पत्रिकेत तसं छापलेलं होतं.

मनिष माइकपाशी गेला. "सर, कपाट छान झालं," तो म्हणाला. "त्यात दुसरं काही ठेवा. हॉर्न ताईचा आहे." मग तो धन्यवाद म्हणाला आणि खाली आला. टेकचंद सरांनी आभार मानले, कुणाचे ते नीट समजलं नाही.

परत येताना गाडी मनिष चालवत होता. हॉर्नची पेटी मागच्या सीटवर होती.

"तिसरा सूर कायले फाटला वो ताई?" त्याने समोर पाहत विचारलं. "हात तर बसला ना आता."

शुभांगीने तोंड उघडलं. या प्रश्नाचं उत्तर वर्षभर तिच्या जिभेवर तयार होतं: कडी, कळ, करंगळी, पार्सलवाला, यादोराव. तिने डावा हात मांडीवर उलटा करून पाहिला. कडीचा साधा वळही उमटलेला नव्हता.

"मला अजून येत नाही," ती म्हणाली.

वर्षभरात तिने केलेलं हे पहिलं विधान होतं, ज्यात दुसऱ्या कुणाचा दोष नव्हता. त्याचा तिला फार राग आला. घरी पोचल्यावर ती कपडेही न बदलता पेटी घेऊन गच्चीवर गेली.